संत एरिकची आख्यायिका आणि पुरावा

संपादक महोदय,

स्वीडनच्या प्राचीन राजांविषयी मराठीत लिहिताना दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ होते, म्हणून हे पत्र. त्या देशाचे विद्यमान राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या नावातील क्रमांकच दंतकथेवर उभा आहे. उप्सालाचे आर्चबिशप योहानेस माग्नुस यांच्या १५५४ मध्ये छापलेल्या ग्रंथात रचलेल्या राजांच्या यादीमुळे कधीच न झालेले सहा कार्ल त्या गणनेत शिरले.

मात्र म्हणून प्रत्येक आख्यायिका निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. ११६० मध्ये उप्साला येथे प्रार्थना पुरी झाल्यावरच शत्रूला सामोरा गेलेला आणि शिरच्छेद झालेला राजा एरिक, ही कथा त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शतकभराने लिहिली गेली. त्याची फिनलंडवरील धर्मयुद्धाची स्वारी तर कोणत्याही समकालीन साधनात आढळत नाही. असे असले तरी, उप्साला कॅथेड्रलमधील त्याची अस्थिपेटी २०१४ मध्ये उघडून केलेल्या तपासणीत त्या अस्थी पस्तीस ते चाळीस वर्षांच्या, धडधाकट पुरुषाच्या निघाल्या, त्यांचा काळ ११६० शी जुळला आणि मानेच्या मणक्यावर व पायांच्या हाडांवर शस्त्राचे घाव सापडले. कथेतील झरा उगवण्याचा चमत्कार हाडे सांगणार नाहीत. मृत्यू कसा झाला, हे मात्र त्यांनी बऱ्याच अंशी सांगितले आहे. अशा लेखांत परंपरा काय सांगते आणि पुरावा काय दाखवतो, हे वेगवेगळे नोंदवावे, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, पुणे