मांजराची साखर घरी तपासायला आधी शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहावर आपल्या दैनिकात वरचेवर मजकूर येतो. आमच्या घरी तो कापून ठेवला जातो, कारण सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. आज मी घरातल्या दुसऱ्या पेशंटविषयी लिहिते आहे. आमच्या बोक्यालाही मधुमेह आहे. कोल्हापुरात असा तो एकटाच नाही, हे दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर कळले. इंजेक्शन कसे द्यायचे हे तिथे भेटलेल्या बहुतेकांना दाखवलेले होते, पण रक्त कसे तपासायचे हे कोणी दाखवलेले नव्हते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. साखर तपासता येत नसताना मांजराला घरी इन्सुलिन देणे म्हणजे अंदाजाने औषध देणे, आणि इन्सुलिन हे अंदाजाने देण्याचे औषध नाही.

लक्षणे माणसासारखीच असतात, तरी नजरेतून सुटतात. मांजर सारखे पाणी पिते, लघवी वाढते, खाणे दुप्पट होते आणि तरी पाठीची हाडे हाताला लागू लागतात. आजार अंगात मुरला की मागच्या पायांतली ताकद जाते आणि मांजर टाचा जमिनीला टेकवून चालू लागते. 'कुठून तरी पडला असेल' म्हणून तेही सोडून दिले जाते. वयस्कर, नसबंदी झालेले, घरातच असणारे आणि वजन वाढलेले बोके यात जास्त सापडतात. खाजेवर किंवा सुजेवर दिलेल्या स्टेरॉइडनंतरही हा आजार उघडकीला येऊ शकतो.

आता निदानाकडे वळते, कारण घरच्या तपासणीची गरज तिथूनच सुरू होते. निरोगी मांजराची साखर साधारण 80 ते 120 असते. पण पिशवीत कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात दवाखान्यात नेलेल्या धडधाकट मांजराची साखरसुद्धा नुसत्या भीतीने 300 च्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर आजार ठरवता येत नाही, तसा डोसही वाढवता येत नाही. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि त्या दिवशीच्या भीतीने ती बदलत नाही. निदानाला तिचा आधार घ्यावा. रोजचा आकडा मात्र घरचाच खरा.

आणि तो घेणे वाटते तितके अवघड नाही. मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यातून पिळलेले फडके कानाला लावले की ती फुगून दिसते. कडेवर व्हॅसलिनचे बोट फिरवले की रक्त केसांत पसरत नाही, थेंब धरून राहतो. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामध्ये टोचायचे, साखर मोजायच्या मीटरच्या पट्टीचे टोक थेंबाला लावायचे, मग कापूस थोडा वेळ दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. आमच्याकडे सासूबाई त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतात, मी टोचते. आता मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की तो आपण होऊन त्यांच्याजवळ जाऊन बसतो.

मीटरविषयी एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. माणसाच्या रक्तात साखरेचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो, मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर बाहेरच्या द्रवात असते. माणसांसाठी बनवलेला मीटर माणसाच्या रक्ताचा हिशेब धरून चालतो, त्यामुळे मांजराची साखर तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. प्राण्यांसाठीचे मीटर मिळतात, पण ते महाग आहेत. माणसांच्या मीटरवरही काम चालते, फक्त दरवेळी तोच मीटर वापरावा आणि तो कोणता आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावे. इंजेक्शनाआधी आकडा कमी दिसला, तर 'मीटर कमीच दाखवतो' असे म्हणून सुई टोचू नये. थांबावे, खायला द्यावे, फोन करावा. माणसांच्या दंडावर 14 दिवस चिकटवून ठेवतात ते सेन्सर मांजरांनाही लावता येतात, पण तो खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही.

डोस बरोबर आहे की नाही हे ठरवायला एखादा दिवस एका इंजेक्शनापासून पुढच्या इंजेक्शनापर्यंत दर दोन तासांनी साखर मोजावी लागते. त्यात सगळ्यांत खाली गेलेला आकडा महत्त्वाचा. हीच मोजणी दवाखान्याच्या पिंजऱ्यात केली तर भीतीची साखर त्यात मिसळते. स्वयंपाकघरात, त्याच्या नेहमीच्या पोत्यावर केली तर खरे काय ते कळते.

सगळ्यांत जास्त काळजी मला सिरिंजची वाटते. आपल्याकडे दुकानात 40 युनिटची इन्सुलिनची बाटलीही मिळते आणि 100 युनिटचीही, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये इतके युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. शंभराचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. माणसाच्या 20 युनिटच्या डोसातही ही चूक वाईटच, पण चार-पाच किलोच्या मांजराचा डोस बहुधा एका युनिटच्या आसपास सुरू होतो. त्याचे अडीचपट झाले तर जीव जाऊ शकतो. उलट चाळिसाचे इन्सुलिन केशरी सिरिंजने दिले, तर युनिटच्या निम्म्याहूनही कमी जाते आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका दुकानात बाटली एक आणि सिरिंज दुसरी अशीच हातात ठेवली होती. मांजरासाठी आहे म्हटल्यावर कोणी पुढे विचारलेच नाही. आजीच्या फ्रिजमधले मिक्स इन्सुलिन मांजराला देण्याचा विचारही करू नये. आमच्या बोक्याचा डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तो दुसऱ्या कुठल्याही मांजराचा डोस नाही.

कधी सुई कातडीच्या आरपार जाते आणि केस ओले लागतात. औषध आत गेले की बाहेर, कळत नाही. अशा वेळी पुन्हा टोचायचे नाही. एक डोस हुकल्याने साखर वाढेल, ती उद्या उतरवता येते. दुप्पट डोसाची साखर काही तासांत जीवघेणी खाली येते.

मांजरांच्या मधुमेहात एक आशेची बाजू आहे. उपचार लवकर आणि नेटाने झाले, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कामाला लागते आणि इन्सुलिन बंद करता येते. पण हे ज्या दिवसांत घडत असते, त्याच दिवसांत जुना डोस जड होत जातो. घरी तपासणारा माणूस आकडे उतरताना पाहतो आणि डॉक्टरांना कळवतो. न तपासणाऱ्याला ते मांजर लडखडू लागल्यावर समजते. खाण्यात बदल करतानाही हेच लक्षात ठेवावे. दूध-भात, दूध-चपाती आणि बिस्किटे बंद करून मांसावर, कमी पिठाच्या ओल्या खाण्यावर आणले की साखर झपाट्याने उतरते, म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारून आणि रोज मोजूनच करावा.

साखर फार खाली गेली की मांजर सुस्तावते, झोकांड्या खाते, थरथरते, झटकेही येतात. तेव्हा मध किंवा पाण्यात दाटसर कालवलेली ग्लुकोजची पूड बोटाने हिरड्यांवर चोळावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नये, ठसका लागून फुफ्फुसात जाते. आपल्याकडे घरोघरी काकवी असते, पण तिच्यातली बरीचशी साखर पोटात फुटल्याशिवाय कामाला येत नाही. ग्लुकोज त्याहून लवकर लागू पडते, म्हणून एक पाकीट घरात हवेच. मग तडक दवाखाना. आणि उलट्या करणारे, खाणे सोडलेले मधुमेही मांजर तर दुसऱ्या दिवसावर ढकलूच नये.

पावसाळा तोंडावर आहे. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, महामार्ग बंद पडला आणि अनेक भागांत वीजही नव्हती. माणसांच्या औषधांचीच तेव्हा ओढाताण झाली. ज्यांच्याकडे असे मांजर आहे त्यांनी जूनमध्येच एक जादा बाटली, सिरिंज आणि पट्ट्या घेऊन ठेवाव्यात. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. घर सोडायची वेळ आली तर मांजराच्या पिशवीबरोबर मीटरचा डबाही उचलायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

आपला जिल्हा दुधाचा. इथल्या पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशींत जातो आणि ते साहजिक आहे. तरी त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की मांजराला इन्सुलिन लिहून देताना मालकाच्या हातून निदान एकदा कानाची तपासणी करून घ्यावी आणि चिठ्ठीवर इन्सुलिनबरोबर सिरिंजच्या टोपणाचा रंगही लिहावा. औषध दुकानदारांनी बाटली आणि सिरिंज जुळते का, एवढे पाहूनच द्यावे. 'मांजरच आहे, कशाला एवढे' हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकले. ते म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. ज्यांना आपले मांजर जगवायचे आहे, त्यांना ते नीट जगवता यावे इतकेच मागते आहे.

आपल्या आरोग्य पानावर एखाद्या पशुवैद्यकाकडून कानाच्या तपासणीची सचित्र माहिती छापता आली, तर शहरातल्या बऱ्याच घरांत ती फ्रिजच्या दारावर चिकटवली जाईल. तेवढे जमवावे, ही विनंती.

कळावे.

आपली नेहमीची वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये.)