छापील पुस्तकाची पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे

संपादक महोदय,

स्वतःचे पुस्तक स्वतःच काढू पाहणाऱ्यांसाठी हल्ली मार्गदर्शनपर मजकूर बराच येतो. मुखपृष्ठ कसे असावे, जाहिरात कशी करावी यावर रकानेच्या रकाने असतात; आतल्या मजकुराची मांडणी मात्र ‘मग फाइल अपलोड करावी’ एवढ्या वाक्यात उरकलेली असते. पुस्तक फसते ते नेमके इथेच. छपाईसाठी केलेली पीडीएफ तशीच ई-पुस्तक म्हणून चढवायची किंवा एखाद्या कन्व्हर्टरमधून काढून तिचे ईपब (ई-पुस्तकांची नेहमीची फाइल) करायचे, ही पद्धत सर्रास चालते. ती थांबावी म्हणून हा पत्रप्रपंच.

पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा खिळलेली असते. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे डेमी पान फोनच्या पडद्यावर बसवले की १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम निम्मे दिसते आणि वाचक दोन बोटांनी पान ताणत, डावी-उजवीकडे सरकवत बसतो. ईपबचे उलटे आहे. ती मुळात वेबपानांची झिप केलेली फाइल. तिच्यात ठरलेले पान नसतेच. वाचकाने अक्षर मोठे केले, फोन आडवा धरला, की ओळी नव्याने पडतात. पीडीएफवरून ईपब केले, की बऱ्याचदा प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते, पृष्ठांक वाक्याच्या मधोमध येऊन बसतो आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायला दिलेली आडवी रेघ भलत्याच ठिकाणी उगवते. देवनागरीत जोडाक्षरेही फुटतात, कारण पीडीएफच्या लेखी मजकूर म्हणजे पानावर ठरावीक जागी ठेवलेले आकार. तेव्हा मूळ दस्तऐवज एकच, पण अगदी स्वच्छ ठेवावा आणि त्यातून कागदासाठी एक व पडद्यासाठी एक अशा दोन वाटा काढाव्यात.

स्वच्छतेची सुरुवात फॉन्टपासून होते. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. ई-वाचनयंत्राने आपला फॉन्ट लावला की ते रूप गळून पडते आणि पानभर अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत, आणावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचे बरोबर उलट. त्यामुळे जिथे ही दोन्ही एकत्र येतात तिथे परिवर्तक हमखास अडखळतो. ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘मार्मिक’ असे शब्द शोधून डोळ्यांनी तपासावेत. मात्रा चुकीच्या क्रमाने बसली असेल तर तिच्याखाली तुटक ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. हे वर्तुळ फाइलमध्ये नसते, फक्त पडद्यावर उमटते. त्यामुळे ‘फाइंड’ला ते सापडत नाही आणि मजकूर सावकाश वाचण्याला पर्याय उरत नाही.

याहून छुपा घोळ ‘ऱ्य’चा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या र्‌नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही दिसतात सारखेच. पण फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना किंवा ‘अनावश्यक चिन्हे काढा’ अशा साफसफाईत ते अदृश्य चिन्ह उडाले, की तिथे रफार होतो आणि आचाऱ्यांनी केलेला स्वयंपाक आचार्यांच्या नावावर जमा होतो. म्हणून संपूर्ण हस्तलिखितात ‘ऱ’चाच मार्ग ठेवावा. ‘ॲ’चेही तसेच: एकाच संकेताचा ‘ॲ’ आणि अ-वर चंद्र देऊन केलेला, हे दोन डोळ्यांना एक असले तरी शोधताना वेगळे. एकदाच ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालवून एकवाक्यता आणावी. कोलनच्या जागी विसर्ग टंकलेला असतो, तोही याच फेरीत काढावा.

आता स्पेसबार आणि एंटर. परिच्छेदाची सुरुवात आत घ्यायला पाच-सहा स्पेस, प्रकरण नव्या पानावर न्यायला डझनभर एंटर, ही टंकलेखनयंत्राच्या काळातली सवय अजून सुटलेली नाही. ईपबमध्ये ओळीने आलेल्या अनेक स्पेस मिळून एक होतात, टॅबही तसाच विरतो. एंटर मात्र बऱ्याचदा टिकतात आणि फोनवर लागोपाठ कोरे पडदे येतात. वर्डमध्ये ‘^t’ (टॅबची खूण) शोधून काढून टाकावा, ‘^p^p’च्या (लागोपाठ दोन एंटरच्या) जागी ‘^p’ घालावा आणि ‘काहीच सापडले नाही’ असे उत्तर येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. त्याआधी एक खबरदारी: प्रसंग बदलताना सोडलेली कोरी ओळ यात नाहीशी होईल, म्हणून तिथे तीन फुल्या टाकून ठेवाव्यात. त्या शेवटपर्यंत राहू दिल्या तरी उत्तम, कारण नुसती कोरी ओळ पानाच्या तळाशी आली की वाचकाला कळतच नाही.

यानंतर स्टाइल (फॉन्ट, आकार, अंतर यांचे नाव देऊन ठेवलेले संच) लावाव्यात. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, मजकुराला एक स्टाइल, शीर्षकानंतरच्या पहिल्या परिच्छेदाला वेगळी (तो आत घ्यायचा नसतो), कवितेला आणखी एक. मजकुराच्या परिच्छेदाची पहिली ओळ ५-६ मिलिमीटर आत पुरते. ‘हेडिंग १’मध्येच ‘पेज ब्रेक बिफोर’ची खूण केली की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जाते आणि अनुक्रमणिकाही त्याच शीर्षकांवरून तयार होते. इथे मराठी लेखकांची एक खास अडचण होते. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळ्या कप्प्यात ठेवतो. स्टाइलमध्ये १३ पॉइंट लिहिले, तरी अक्षर ११चेच राहते ते यामुळे. फॉन्टच्या चौकटीतला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भाग भरावा. लिबर ऑफिसमध्ये हाच भाग ‘सीटीएल’ नावाने असतो.

देवनागरीचे स्वतःचे काही नियम आहेत आणि इंग्रजीसाठी केलेले तयार साचे ते पाळत नाहीत. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराची शेपटी यांना जागा लागते; म्हणून १२ पॉइंट अक्षराला साधारण १८ पॉइंट ओळ-अंतर द्यावे. वर्डमध्ये हे अंतर ‘एक्झॅक्टली’ने आवळले तर उंच मात्रांचे शेंडे कापले जातात. अक्षरांमधले अंतर वाढवून शीर्षक ‘मोकळे’ करू नये, शिरोरेषा तुटते. बहुतेक मराठी फॉन्टांना खरे तिरके वळण नसते, संगणक सरळ अक्षरच वाकवून देतो. पत्र किंवा मनातले विचार वेगळे दाखवायचे तर समास वाढवावा नाहीतर अवतरणचिन्हे द्यावीत. इनडिझाइन हा पानमांडणीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्याची खात्री करावी, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडतात. जुन्या पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, तेव्हा तिथून सुरुवात करूच नये.

कागदासाठी आधी पानाचा आकार पक्का करावा, मग समास. ‘मिरर मार्जिन’ लावून बांधणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवावा, कारण जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि आतले शब्द बांधणीत बुडतात. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक काढण्याच्या सेवेवर आतला समास १५० पानांपर्यंत किमान ०.३७५ इंच, ३००पर्यंत ०.५ आणि ५००पर्यंत ०.६२५ इंच लागतो. हे किमान झाले. डेमीसाठी आत २०, बाहेर १५, वर १८ आणि खाली २० मिलिमीटर ठेवले तर १८ पॉइंट अंतराच्या २८ ओळी नेमक्या बसतात आणि पान मोकळे दिसते. विषम पृष्ठांक नेहमी उजव्या हाताला. अर्पणपत्रिका, श्रेयपान, अनुक्रमणिका यांचा वेगळा सेक्शन करून पुढच्या सेक्शनच्या ‘स्टार्ट ॲट’मध्ये १ दिल्याशिवाय पहिल्या प्रकरणापासून १ हा आकडा सुरू होत नाही, आणि ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद केल्याशिवाय सुरुवातीच्या पानांवरचे आकडे वेगळे ठेवता येत नाहीत. छायाचित्र छापील आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवे, म्हणजे ४ इंच रुंदीला १,२०० पिक्सेल. वर्ड स्वतःहून चित्रे दाबतो (‘कॉम्प्रेस’ करतो), ती सोय आधीच बंद करावी. पीडीएफ काढल्यावर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये सगळे फॉन्ट ‘एम्बेडेड’ (फाइलमध्येच बसवलेले) दिसताहेत ना, ते पाहावे.

मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी. कण्याची (पुस्तकाच्या बांधणीकडच्या पाठीची) जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. केडीपीच्या हिशेबाने क्रीम कागदाचे एक पान (कागदाची एक बाजू) ०.००२५ इंच धरतात, म्हणजे २०० पानांचा कणा ०.५ इंच, पांढऱ्या कागदावर तोच ०.४५ इंच. डेमी आकाराच्या २०० क्रीम पानांसाठी मलपृष्ठ ५.५, कणा ०.५, मुखपृष्ठ ५.५ आणि दोन्ही कडांना ०.१२५ ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) मिळून रुंदी ११.७५ इंच, उंची ८.७५. मुखपृष्ठ आधी करून मग दहा पानांचे मनोगत वाढवले, की कण्यावरचे नाव कडेला सरकलेच म्हणून समजा.

ई-पुस्तकाच्या प्रतीतून पृष्ठांक, पानावरची शीर्षके आणि अनुक्रमणिकेतले आकडे काढून टाकावेत. तिथे दुवेच हवेत. ओळ-अंतर आणि अक्षराचा आकार वाचकावर सोडावा. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये: मराठीतले प्रत्यय लागून लांबलेले शब्द अरुंद पडद्यावर मावत नाहीत आणि ओळीत भगदाडे पडतात. कवितेची प्रत्येक ओळ एंटरने वेगळा परिच्छेद करावी आणि तिला ‘हँगिंग इंडेंट’ (पहिली सोडून बाकीच्या ओळी आत) द्यावा, म्हणजे लांब ओळ खाली वळली तरी ती नवी ओळ वाटत नाही. तळटीपा प्रकरणाच्या शेवटी दुव्यांसह. कॅलिबर किंवा लिबर ऑफिसमधून ईपब काढले की सिजिल या ईपब-संपादकात उघडून भाषेचा संकेत ‘एमआर’ (मराठी) आहे का, ते पाहावे. तो ‘ईएन’ राहिला तर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहते, आणि काही फॉन्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणेही येत नाहीत. फॉन्ट सोबत द्यायचा तर त्याचा परवाना तशी मुभा देतो का, हे तपासावे. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्तासारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट निर्धास्त वापरता येतात. ‘ईपबचेक’ ही मोफत चाचणी एकही त्रुटी दाखवेनाशी झाली की मगच फाइल चढवावी. किंडलसाठी मुखपृष्ठाची प्रतिमा २,५६० पिक्सेल उंच आणि १,६०० पिक्सेल रुंद. छापील आणि ई-आवृत्तीला एकच आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) चालत नाही.

शेवटी दोन्ही प्रती हातात घेऊन पाहाव्यात. ई-पुस्तक निदान एका लहान फोनवर, अक्षर सगळ्यात मोठे आणि रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर. मजकुराला हाताने काळा रंग दिलेला असेल तर तो तिथे दिसेनासा होतो. छापील डमी (नमुना प्रत) मधोमध उघडून बांधणीकडचे शब्द मान वाकडी न करता वाचता येतात का ते बघावे. नसतील येत तर आतला समास ३ मिलिमीटर वाढवावा, पाने किती झाली ते पुन्हा मोजावे आणि मुखपृष्ठवाल्याला कण्याचा नवा आकडा कळवावा.

आपला,
एक पुस्तक-मांडणीकार