'हजारो' म्हणजे नक्की किती?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्या पानावर आकाशात गरगरणाऱ्या पक्ष्यांचे छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे, 'परतीच्या वाटेवर हजारो बहिरी ससाणे'. मी तीस वर्षे रोखपालाची नोकरी केली. 'हजारो' असे मोघम कुणी लिहिले की माझी बोटे शिवशिवतात. पेन्सिल घेऊन एकेका पक्ष्यावर ठिपका देत गेले. २१४ भरले. शिवाय ते बहिरी ससाणे नव्हेत, घारी आहेत. शेपटीची खाच छायाचित्रातही दिसते, आणि बहिरी असा शेकड्यांनी एकत्र गरगरत नाही.

निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे वसंतात मी एका टेकडीवर बसून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजते. पहिल्या वर्षी मीही हजारोच लिहिले असते. ऊन तापले की जमिनीवरची हवा वर चढू लागते, आणि पंख न हलवता तिच्यावर चढत जाणाऱ्या पक्ष्यांचा भोवरा तयार होतो. तो भोवरा मोजायला जाऊ नये. कोण वर, कोण खाली, कोण दुसऱ्यांदा फिरून आला, काही कळत नाही. मी एकदा एकच थवा दोनदा मोजून बसले होते. वर पोचल्यावर ते पंख स्थिर ठेवून एकामागून एक पुढच्या दिशेला घसरत निघतात. काउंटरवर रांग लागावी तसे. मोजायचे तेव्हा. आणि निरभ्र निळे आकाश छान वाटले तरी आपले वैरीच. उंचावरचा पक्षी त्यात विरघळतो, पांढऱ्या ढगापुढे मात्र चटकन सापडतो. करकोचेही याच हवेवर चढतात, तेही त्याच वहीत जातात. भिंगऱ्या खालून जमिनीलगत सुसाट जातात, त्यांच्यासाठी दुसरा माणूस बसवावा. एकाच डोळ्याने दोन्ही जमत नाही.

पण पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळेच आहे. तिसऱ्या वर्षी ओळीने तीन दिवस एकही पक्षी दिसला नाही. कंटाळून मी वहीत काहीच लिहिले नाही. हंगाम संपल्यावर पाहते तर तीन पाने कोरी. पक्षी आले नव्हते, की मी टेकडीवर गेलेच नव्हते? माझे मलाच सांगता येईना! नोकरीत एकही व्यवहार झाला नाही तरी रोजकीर्द बंद केल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही, आणि इथे ही चूक. तेव्हापासून मी वेळ, वारा, ढग आणि शून्यसुद्धा लिहिते.

अशा न चुकता ठेवलेल्या नोंदीला किंमत असते हे अमेरिकेतल्या हॉक माउंटन या डोंगरावर दिसून आले. १९३४ साली पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी ससाण्यांची शिकार थांबवण्यासाठी तो डोंगर राखला आणि मॉरिस ब्राउन तिथे शरदात मोजत बसले. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या टकल्या गरुडांपैकी ४० टक्के त्याच वर्षीची पिल्ले होती. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्केच. मोठे गरुड डोळ्यांना दिसत होतेच, त्यामुळे नुसते आकाशाकडे पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटले असते. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना हेच आकडे पुढे ठेवले. वर्षानुवर्षे वयासकट नोंद झाली नसती तर त्यांच्या हातात काय होते?

वसंतातली मोजणी शरदापेक्षा चिवट काम आहे. हिवाळ्यात बरेच पक्षी मेलेले असतात, नवी पिल्ले अजून जन्मायची असतात, म्हणून आकडा लहान येतो. शिवाय घरटे गाठायची घाई. प्रौढ आधी निघून जातात, कोवळे मागाहून रमतगमत येतात. हंगाम लवकर आटोपला तर ते मोजायचेच राहतात. जागाही बदलतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर डर्बी हिल आणि ब्रॅडॉक बे इथे वसंतात गर्दी होते ती उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांना पुढे थंड पाणी आडवे येते म्हणून. पाण्यावर हवा वर चढत नाही, मग ते काठाकाठाने पूर्वेला वळतात. स्पेन आणि आफ्रिकेमधल्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलाही तेच, जेमतेम १४ किलोमीटरचे पाणी, पण ओलांडायला अरुंदच जागा शोधतात.

तेव्हा आपल्याला विनंती इतकीच: पक्ष्यांचा आकडा छापाल तेव्हा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि किती जणांनी मोजले, ही एक ओळ जोडावी. त्यासाठी छायाचित्र दोन बोटे लहान झाले तरी चालेल. ठिपके दिलेले कात्रण सोबत पाठवत आहे. डाव्या कोपऱ्यातल्या दोघांबद्दल मला शंका आहे, छपाईचे डागही असू शकतील. ते वगळल्यास २१२.

आपली,
एक निवृत्त रोखपाल