मेंदूचे आकुंचन मोजताना

संपादक महोदय,

अल्झायमरच्या रुग्णाचा आजार किती वेगाने वाढतो आहे, हे एकाच एमआरआयवरून कळत नाही. त्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने, शक्यतो त्याच यंत्रावर, घेतलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर अचूक बसवून मेंदूचे घटलेले आकारमान मोजावे लागते. निरोगी वार्धक्यात मेंदू वर्षाला साधारण ०.५ टक्का आकसतो, अल्झायमरमध्ये सुमारे २ टक्के. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाची झीज तर त्याहूनही जलद होते. मात्र लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधाच्या चाचणीत आजाराची गती काहीशी मंदावूनही उपचार घेणाऱ्यांचा एकूण मेंदू अधिक आकसलेला आढळला, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते. म्हणून हा आकडा स्मरणशक्तीच्या चाचण्यांसोबतच वाचावा आणि डॉक्टरांनी तो कुटुंबीयांना सावकाश समजावून सांगावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक