पाच आठवडे थांबवलंत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही रोज इतके नातेवाईक बघता की आम्ही लक्षात असू की नाही, कोण जाणे. कराडकडचे, ठिबकवाले म्हटलं तर आठवेल. मेंदूत उजवीकडे मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचा गुंता असलेला बावीस वर्षांचा मुलगा आणि वॉर्डाच्या दारात तुमच्यावर ओरडलेली त्याची आई. ती मी. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण ओरडले होते तेही चारचौघांतच.

त्या संध्याकाळी तो पंप चालू करायला गेला आणि डोकं धरून बांधावरच बसला. उलटी झाली, मग झटका आला. कराडला सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला आणि रात्रीच पुण्याला, तुमच्याकडे आणलं. त्याआधी वर्षभर त्याचं डोकं दुखायचं, डाव्या बाजूला चमकत्या रेघा दिसायच्या. एका दवाखान्यात अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या होत्या. मला त्याचा फार राग होता. मागच्या भागातला गुंता कधीकधी हुबेहूब अर्धशिशीसारखा वागतो, हे तुम्हीच सांगितलंत, तेव्हा तो राग उतरला.

अँजिओग्राफी झाल्यावर तुम्ही आमच्या ह्यांना विचारलंत, "शेतात काय आहे?" ऊस, ठिबकवर, असं हे म्हणाले. तुम्ही कागद उलटा केलात आणि चित्र काढलंत. पंपाचं पाणी मेन लाइनमधून येतं, मग बारीक नळ्यांत जातं, ड्रिपरपाशी त्याचा जोर मोडतो आणि ते थेंबथेंब झिरपतं. मेंदूतही तसंच. रोहिणीतलं जोराचं रक्त केसाएवढ्या वाहिन्यांत शिरून शांत होतं, मग नीलेत उतरतं. ह्याच्या डोक्यात त्या बारीक वाहिन्याच तयार झाल्या नाहीत. मेन लाइन थेट चारीला जोडलेली. चारी मातीची, तिला पंपाचा दाब कसा सोसणार? 'ए.व्ही.एम.' ही या गुंत्याच्या नावाची तीन अक्षरं आम्ही आठवडाभर नुसती ऐकत होतो. कळली ती त्या कागदावर. तो कागद अजून देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

ऑपरेशन किती जोखमीचं, हे तुम्ही गुणांनी मोजून दाखवलंत. गुंता अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे एक गुण. नजरेच्या जागी आहे, त्याचा एक. निचरा वरवरच्या नीलांतून होतो, खोल नीलांतून नाही, म्हणून तिथे शून्य. पाचापैकी दोन. स्पेट्झलर आणि मार्टिन या सर्जननी १९८६ साली घालून दिलेली ही मोजणी, आणि दोनपर्यंत असेल तर शस्त्रक्रिया चांगली साधते, असं म्हणालात. गॅमा नाइफचं, म्हणजे न कापता किरणांनी करायच्या उपचाराचंही विचारलं आम्ही. त्याने गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटायची भीती राहतेच. एकदा फुटलेल्याला एवढं थांबवणं तुम्हाला पटत नव्हतं.

आणि तरी म्हणालात, पाच आठवडे थांबा.

तिथेच माझा तोल गेला. पाहुणे म्हणत होते, उचला आणि दुसरीकडे न्या. परत फुटला तर जबाबदार कोण, असं मी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. परत फुटू शकतो, हे लपवलं नाहीत; पहिल्या वर्षात शंभरातल्या सहा-सात जणांचा फुटतो, असा आकडा सांगितलात. पण आत्ता मेंदू सुजलेला आहे, रक्ताची गाठ विरघळली की तिथे जागा होते आणि त्या वाटेने चांगल्या भागाला धक्का न लावता गुंत्यापर्यंत जाता येतं, हेही समजावलंत. दुसऱ्या दिवशी तेच सगळं माझ्या दिरांना पुन्हा सांगितलंत.

शेजारच्या खाटेवरच्या मावशींना तर ऑपरेशन नकोच म्हणालात. त्यांचा गुंता मोठा, खोलवर, कधी न फुटलेला, दुसऱ्याच कारणाने केलेल्या एमआरआयमध्ये सापडलेला. सर्जन असून हात आखडता घेणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि तुमच्यावर विश्वास बसला तो तिथे.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन दोन रोहिण्यांत रक्त अडवणारा ग्लू भरला. मग तो दिवस. आधी रक्त आणणाऱ्या रोहिण्या एकेक करून बंद करायच्या, नीला अगदी शेवटी, असं तुम्ही आदल्या दिवशी सांगत होतात, तेव्हा हेच मध्ये बोलले, "चारी आधी बुजवली तर बांध फुटणारच की." तुम्ही मान डोलावलीत. सात तास आम्ही बाहेर बसलो होतो आणि मी मनात एवढंच म्हणत होते, नीला शेवटी, नीला शेवटी. नंतर दोन दिवस आयसीयूत रक्तदाब मुद्दाम उतरवून ठेवला होता, कारण आजूबाजूच्या मेंदूला पूर्ण दाबाची सवय नव्हती. पुन्हा अँजिओग्राफी केली. गुंता नाही. तुम्ही स्वतः पडद्यावर दाखवलंत.

पण ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, ते वेगळंच आहे. डिस्चार्जच्या दिवशी मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं, माझं काही चुकलं का? हा पोटात असताना ग्रहण होतं आणि मी विळी हातात घेतली होती. बावीस वर्षं घरात कुणी बोललं नव्हतं. तो पडला आणि सगळ्यांना ते आठवलं. मॅडम, तुम्ही हसला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि सासूबाईंना आत बोलावलंत. त्यांच्यासमोर म्हणालात, हे आईच्या खाण्याने, कामाने, ग्रहणाने होत नाही. हिचा काही दोष नाही. बहुतेक वेळा ते वंशातूनही येत नाही, तेव्हा धाकटीचा एमआरआय काढायची गरज नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला.

त्याची डावीकडची थोडी नजर गेली आहे, खालच्या बाजूची. हे होऊ शकतं, असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. जेवताना पाण्याचा तांब्या आम्ही मुद्दाम डावीकडे ठेवतो, म्हणजे त्याला मान वळवायची सवय लागते. झटक्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मोटारसायकल बंद, त्यावरून कुरकुर करतो. ठिबकचे फिल्टर मात्र तोच धुतो.

पुढच्या तपासणीला तो एकटा एसटीने येणार आहे. त्याच्यासोबत काकवीचा डबा पाठवतेय, तो ठेवून घ्या. आणि तुम्ही त्याच्या डाव्या हाताला उभ्या असाल, तर त्याला मान वळवायला जरा वेळ द्या.

आपली,
वॉर्डाच्या दारातली आई