बोर्लीच्या रेक्टरीत उंदीर होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बोर्ली रेक्टरी या भुताटकीसाठी गाजलेल्या घरावरचा पानभर लेख वाचला. रविवारी राग आवरला, सोमवारी आवरेना, म्हणून हे पत्र. (आमच्या शेजाऱ्यांना ही बोर्ली श्रीवर्धनजवळची वाटली. ती इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात आहे, हे लेखात शोधावे लागते.)

आधी फोटोखालची ओळ. 'रेक्टरी म्हणजे रेक्टरचे निवासस्थान' इथवर ठीक. पुढे कंसात 'वसतिगृहप्रमुख' कुणी घातले? गावच्या उत्पन्नाचा दशमांश ज्या धर्मगुरूला पुरता मिळे तो रेक्टर, थोडा वाटा मिळे तो व्हिकार. रात्री दहाला हॉस्टेलचे दिवे घालवणारा रेक्टर निराळा.

लेखात जोगीण आहे, तिला भिंतीत चिणणे आहे, भुतांची बग्गीही आहे. ज्या मठाची ही कथा, तो मठ तिथे असल्याचा पुरावाच नाही, हे मात्र लेखात नाही. आणि घर कुठे आहे? 'जुनाट, भयाण वास्तू' या तीन शब्दांत घर संपले. जुनाट? 1862 मध्ये लाल विटांत बांधलेले घर 1939 च्या फेब्रुवारीत जळाले. सत्त्याहत्तर वर्षे. आमच्या खात्याचे डाकबंगले याहून म्हातारे आहेत आणि त्यांत अजून साहेब उतरतात.

मी चौतीस वर्षे बांधकाम खात्यात काढली, म्हणून सांगतो. हे घर बांधणारे रेक्टर रेव्हरंड बुल यांना चौदा मुले. मूळ घर पुरेना, तेव्हा त्यांनी मागे एक बाजू वाढवली आणि मधला चौक जवळजवळ चारी बाजूंनी कोंडला. अशा चौकात एका खोलीतले बोलणे भलत्याच खोलीत ऐकू येते. वाईला आजोबांच्या वाड्यात माजघरात भांडे पडले की माडीवर दचकायला व्हायचे. थोरली काकू त्याला मुंजा म्हणायची. पुढे कौले उतरवली तेव्हा घुशींची बिळे सापडली. मुंजाच्या बोभाट्याने मात्र वाड्याची किंमत पाडून मागणारा बिल्डर आधीच येऊन गेला होता. बोर्लीचेही तेच. तिथल्या प्रकारांचा तपास करून तिघा अभ्यासकांनी 1956 मध्ये लिहून ठेवले आहे: काही बनाव, काही उंदीर, काही त्या घराच्या चमत्कारिक रचनेमुळे घुमणारे आवाज. म्हणजे घराचा नकाशा हीच खरी बातमी होती, आणि ती तुम्ही सोडलीत.

2009 मध्ये मुलगी कोल्चेस्टरला होती, तेव्हा जावयांना घेऊन मुद्दाम बोर्लीला गेलो. जावई म्हणाले, "बाबा, तिथे काही नाही." खरेच काही नाही. जळका सांगाडा 1944 मध्येच पाडला. त्या जागी आता लोकांची साधी घरे. समोर चर्च उभे आहे. मी रस्त्यावरूनच कुठे चौक असेल, कुठे विहीर, असा अंदाज बांधत होतो. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "भूत नाही." मी म्हटले, "मला भूत नको, वीट हवी." त्या इतक्या हसल्या की कुत्रा भुंकायला लागला. अशी मागणी करणारा मी पहिलाच म्हणे. रात्री टॉर्च घेऊन येणाऱ्यांनी त्या गावाला वर्षानुवर्षे वात आणला आहे. तुमच्या लेखाखालच्या चौकटीत 'कसे जाल?' छापले आहे. धन्य.

तशी घरे शाबूत हवी असतील तर डॉर्सेटमधल्या रॅम्पिशॅमची जुनी रेक्टरी आहे, पुजिन या वास्तुविशारदाने 1840 च्या दशकात बांधलेली. तिला जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत पहिली श्रेणी आहे. पण भूत नाही, म्हणून तुमच्या पुरवणीत जागा नाही. रेक्टरला भेटायला येणारा गावकरी घरच्यांच्या वाटेत न येता थेट त्याच्या खोलीत जावा, नोकरांचा जिना वेगळा असावा, असे आतून ठरवत या पाद्र्यांच्या घरांचे दर्शनी रूप घडले. शिवाय राहायला घर फुकट, पण डागडुजी पदरची! बाप गेला की पोरांनी नव्या रेक्टरला दुरुस्तीचे पैसे मोजायचे. याहून भीतिदायक काय हवे होते?

आणि एक गंमत. बोर्लीचा हा सगळा गाजावाजा सुरू झाला तो वाचकाच्या पत्रातून. हिंदुस्थानातून तिथे रेक्टर म्हणून आलेले रेव्हरंड स्मिथ आणि त्यांच्या पत्नी यांनी 1929 मध्ये 'डेली मिरर'ला लिहून भुताखेतांचा तपास करणाऱ्या संस्थेचा पत्ता विचारला. मागितला पत्ता, पाठवला वार्ताहर. पुढे रोज भुताच्या बातम्या. स्मिथ महिन्याभरात घर सोडून गेले, कारण घराची दुरवस्था. संपादक काय करू शकतात हे मला माहीत आहे, म्हणून विनंती की हे पत्र छापाल तर आहे तसे छापा. मार्चमधल्या माझ्या पत्राच्या तुम्ही चार ओळी केल्या होत्या, आणि त्यातली एक माझी नव्हती.

जाता जाता: बुधवारच्या शब्दकोड्यात 14 आडवेला पाच चौकटी आणि गुरुवारी छापलेले उत्तर चार अक्षरी. मी दोन तास घालवले.

कळावे.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, सातारा
(वर्गणीदार, 1978 पासून)