भाषण झालं तसं छापा

मा. संपादक,
स.न.

पुढाऱ्यांच्या भाषणातल्या चुकांचे व्हिडिओ हल्ली रोज मोबाइलवर फिरतात. चोपडा तालुक्यात माझा मंडप-साउंडचा धंदा आहे. लोक अर्ध्या मिनिटाची क्लिप बघतात, मी मशीनजवळ बसून अख्खं भाषण ऐकतो. ऐकावंच लागतं, मध्येच माइकने शिट्टी मारली तर शिव्या मलाच.

हसणारे बहुतेक वेळा नको तिथे हसतात. आमच्याकडचे एखादे भाऊ किंवा आप्पा डोळ्याला डोया म्हणाले, पाण्याला पानी म्हणाले, की लगेच क्लिप व्हायरल. अहो, ती आमची बोली आहे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं, त्या बहिणाबाईंच्या तोंडीही असलीच बोली होती. जीभ घसरण्याचंही मी धरत नाही. त्याच वर्षी दावणगेरेत अमित शाहांनी भ्रष्ट सरकार म्हणून शेजारीच बसलेल्या येडियुरप्पांचं नाव घेतलं, आणि राहुल गांधी कर्नाटकातच विश्वेश्वरय्यांच्या नावावर अडखळले. दिवसाला चार सभा घेतल्या की कुणाचंही होईल.

माझी तक्रार निराळी आहे. मागे एका गावात ३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. पाहुणे उशिरा आले. स्टेजच्या पायरीवरच पी.ए.ने त्यांच्या हातात चिठ्ठी कोंबली आणि त्यांनी ती तशीच वाचली : "संत बहिणाबाईंच्या पुण्यतिथीच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा!" पुढे त्या तुकोबांच्या शिष्या होत्या, हेही सांगून झालं. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंचा जन्म १८८० चा. मग "निवडणुकीत तुम्ही माझी मदत केली" आणि शेवटी "एकजुटीने राहण्याचं आव्हान करतो"! सूत्रसंचालन करणारे गुरुजी मान खाली घालून बसले. टाळ्या मात्र दणदणीत पडल्या.

दुसऱ्या दिवशी आपल्यासकट सगळ्या पेपरांत काय, तर 'कवयित्री बहिणाबाईंचा वारसा जपण्याचे मान्यवरांचे आवाहन'. संत गायब, शुभेच्छा गायब, आव्हानाचं आवाहन झालेलं. एक वार्ताहर माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता. त्याला विचारलं, तर म्हणे, "नाना, बातमी पी.ए.ने सकाळीच व्हॉट्सअॅपवर टाकली होती."

म्हणजे चुकणाऱ्याला आपण चुकलो हे कळायची सोयच ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी निघेल. उच्चार खुशाल सोडून द्या, पण ज्याच्या नावाने मंडप घातला तो माणूसच वक्त्याला ठाऊक नसेल, तर ते वाक्य अवतरणात जसंच्या तसं छापा.

पुरावा लागलाच तर माझ्या मशीनला रेकॉर्डिंग आहे. पेन ड्राइव्ह तेवढा तुमचा आणा.

– एक मंडपवाला, ता. चोपडा, जि. जळगाव